राखलेल्या गवताच्या गावी

नांदुरा स्टेशनवर उतरलो तेव्हा माझ्याजवळ एक ट्रंक, एक वळकटी, मोजणीचं तिपायी मेज आणि आपल्याला भूगोल कळतो ही खात्री, एवढं सामान होतं. ट्रंक आणि वळकटी जशीच्या तशी परत आली. बाकीच्याचं काय झालं ते सांगतो.

महाराष्ट्राचं राज्य होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. राज्याची उत्तरेकडची नवी हद्द सातपुड्यातून जात होती. तिच्या अलीकडे, डोंगर संपून काळी जमीन सुरू होते त्या पट्टीत लोक कोणत्या जागेचं काय करतात, हे पाहून यायचं काम पुण्यातल्या आमच्या सरांनी मला दिलं होतं. कुठे पेरतात, कुठे चारतात, कुठे तोडतात. त्यावरून पुढे कोणती जमीन जपायची याचा विचार व्हायचा होता. आज या विद्येला लांबलचक नावं आहेत, तिच्या परिषदा भरतात, मी त्यांत हार घालून घेतो. तेव्हा माझी आई शेजारच्या काकूंना सांगायची, "आमचा धाकटा दुसऱ्यांची शेतं बघत हिंडतो." मला भयंकर राग यायचा. आता वाटतं, आमच्या विषयाची यापेक्षा सरळ व्याख्या मी कुठे वाचलेली नाही.

स्टेशनबाहेर दोन मोटारी उभ्या होत्या. मला जळगाव जामोदला जायचं होतं, म्हणजे उत्तरेला. एका मोटारीचं तोंड उत्तरेकडे होतं. मी तिच्यात बसलो. भूगोलाच्या पदवीधराने मोटार कुठे जाते हे कोणाला विचारायचं म्हणजे कमीपणा! मोटार सुटली, तिने डौलदार वळसा घेतला आणि ती मावळतीकडे धावू लागली. रस्ता पुढे वळेल, अशी मी स्वतःची समजूत घालत राहिलो. रस्ता कसला वळतोय!

शेजारी रिकाम्या टोपल्या मांडीवर घेऊन एक गृहस्थ बसले होते. नांदुऱ्याच्या बाजारात भाजी विकून घरी चालले होते.

"कोठी जाऊन राह्यले, साहेब?"

"जळगाव जामोदला."

"मंग हिच्यात काऊन बसले?"

"मोटारीचं तोंड उत्तरेला होतं."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बैलाचं तोंड गोठ्याकडं असलं, तरी थो वावरात जातेच ना बाप्पा!"

सगळी मोटार हसली. ड्रायव्हरने मागे वळून पाहिलं, तेव्हा मात्र मला भीती वाटली. वडनेर भोलजीला त्या गृहस्थांनी मला हाताला धरून उतरवलं आणि परतीच्या मोटारीला वेळ आहे म्हणून घरी नेलं. त्यांच्या वाडीतल्या वांग्यांचं भरीत, वर कच्चं तेल, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि ज्वारीची भाकर. इतकं चांगलं जेवण योग्य मोटारीत बसून मला पुढे कधी मिळालं नाही. निरोप देताना म्हणाले, "आता मोटारचं तोंड पाहू नका. कंडक्टरचं पाहजा."

दुसऱ्या खेपेला विचारून बसलो. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे (इथल्या विहिरींचं पाणी खारट, ना पिण्याच्या कामाचं, ना ओलिताच्या). हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत लिहून चांगले गुणही मिळवले होते. मोटारीचं चाक बदलायला ड्रायव्हर थांबला तेव्हा समोर विहीर दिसली. वाचलेलं पडताळून पाहावं, या शास्त्रीय वृत्तीने मी पोहरा भरून प्यायलो. पुस्तक खरं होतं. जळगाव जामोद येईपर्यंत मोटार आणखी दोनदा थांबली, आणि त्यात चाकांचा काही दोष नव्हता.

तरी त्या प्रवासात डोळ्यांची चंगळ झाली. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. काळ्या रानात कापूस फुटलेला, ज्वारी कणसावर आलेली, मध्येच तुरीच्या ओळी. झाड असं फारसं नाही. नजर जाईल तिथे जमीन सपाट. मग उत्तरेला क्षितिजावर एक निळी रेघ उमटली. मी तिला ढग समजलो. मोटार पुढे गेली तशी रेघ जाड झाली, तिला खांदे फुटले, खांद्यांखाली सोंडा दिसू लागल्या. सातपुडा! ज्या डोंगराच्या पायथ्याचा अभ्यास करायला आलो होतो, त्याची पहिली ओळख मी ढग म्हणून करून घेतली, हे सरांना मी कधी सांगितलं नाही.

जळगाव जामोदच्या धर्मशाळेत रात्र काढून सकाळच्या मोटारीने सोनाळ्याला गेलो. पुढे मोटार नव्हती. तिथल्या लोकांनी एक बैलगाडीवाला गाठून दिला, तो संपत. पन्नाशीचा, किडमिडीत, अखंड बोलणारा. त्याच्या बैलांची नावं कारभारी आणि वकील.

"वकील काऊन म्हणता?" मी वऱ्हाडी बोलायची हौस भागवून घेतली.

"प्रत्येक वळनावर वाद घालते. अन् शेवटी त्याच्याच मनासारखं होते."

निघण्याआधी संपतच्या घरी रोडगे झाले (कणकेच्या थरांचे गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले), सोबत वांग्याची तिखट भाजी. पहिला रोडगा मी चमच्याने फोडायला गेलो. चमचा वाकला. संपतच्या बायकोने तो माझ्या हातून घेतला, मुठीने रोडगा फोडला आणि त्यावर तुपाची धार धरली. "भूक लागल्यावर मानूस हत्यार शोधत नायी, भाऊ," एवढंच म्हणाली.

आम्ही निघालो होतो धावडखेडला. सोनाळ्याच्या उत्तरेला, डोंगराच्या अगदी पायाशी वसलेलं छोटं गाव. दुपार कलली तेव्हा ते दिसायला लागलं. वाटेच्या एका अंगाला ज्वारी, दुसऱ्या अंगाला पांढरा कापूस, आणि गावाच्या अलीकडे टेकाडाच्या उतारावर नुसतं गवत. कमरेएवढं, वर कुसळांची तांबूस झाक. वारा आला की सगळा उतार एका बाजूला लवायचा आणि पुन्हा उभा राहायचा. बैल दमले होते. उभ्या पिकाला आपला धक्का लागता कामा नये, हा आमच्या सरांचा पहिला नियम. मी मोठ्या सौजन्याने संपतला सांगितलं, "गाडी गवतात घे. बैल तिथे सोड."

संपत घुटमळला. "साहेब, गवत उभं हाय. उभं गवत कोनाचं तरी असते."

"कोणाचं नाही. हे बघ." मी नकाशा उघडला. "इथे लिहिलंय, पडीक."

"नकाशाले इचारलं तुमी. गावाले इचारू का?"

"कागद सरकारी आहे, संपत."

सरकारी म्हटल्यावर संपतने खांदे उडवले आणि जू काढलं. वकिलाने वाद न घालता गवतात तोंड घातलं. मी एका दगडावर बसून वहीत लिहिलं, "पडीक जमिनीवर उत्तम गवत, वापर नाही." शाई वाळायच्या आत मागून किंकाळी आली.

वेचणी करून परतणारी एक बाई वाटेवर उभी होती. डोक्यावरचं कापसाचं गाठोडं तिने खाली टाकलं आणि गावाकडे तोंड करून ती ओरडत सुटली, "बंदी तुटली वं माय! बंदी तुटली!"

बघता बघता गाव जमलं. कोणी शिवी दिली नाही, हात उगारला नाही, त्यामुळे मी जास्तच घाबरलो. गोविंदराव पाटील पुढे आले. उंच, कोरडा माणूस. आवाज इतका हळू की सगळ्यांना गप्प बसून ऐकावं लागायचं.

"बैल कोनाचे?"

"माहे," संपत म्हणाला, आणि लगेच माझ्याकडे बोट दाखवून, "सोडाले ह्याहीनं सांगतलं."

मी नकाशा पुढे केला. पाटलांनी तो नीट वाचला. "पडीक कोनं लिहिलं?"

"मोजणीवाल्यांनी. पूर्वी कधी तरी."

"थो उन्हाळ्यात आला असन," पाटील म्हणाले आणि नकाशा घडी घालून मला परत दिला.

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. हा उतार सबंध गावाचा. पाऊस पडला की याला बंदी. कार्तिकी पुनव होऊन गवताचं बी खाली पडेपर्यंत इथे ना विळा चालायचा, ना जनावर शिरायचं. पुनवेनंतर एका सकाळी सगळं गाव एकदम आत जातं, कापतं, वाटून घेतं. त्या गवतावर गावची जनावरं उन्हाळा काढतात. बी पडायच्या आधी कापलं, तर पुढच्या वर्षी उतार टकला. मागे एकदा असं झालं तेव्हा लोकांना गुरं घेऊन डोंगरापलीकडे जावं लागलं होतं, आणि गेलेली सगळी गुरं परत आली नव्हती.

"पण या दोन बैलांनी असं किती खाल्लं असेल?" मी विचारलं.

"कितीचा सवाल नायी. एकाचं जनावर शिरलं की बंदी सगयाह्यची तुटली. उद्या दिवस बुडला की कोनीबी घुसन. कोनाले कसं अडवू?"

"मी दंड भरतो."

जमलेले लोक हसले. पाटील हसले नाहीत. "दंड घेतला, त उद्यापासून ज्याच्यापाशी पैसा थो चारन."

मग उपाय? उपाय एकच होता आणि तो जुना होता. ज्याने बंदी मोडली त्याने दुसऱ्या दिवशी, दिवस बुडायच्या आत, गावातल्या प्रत्येक दारात उभं राहायचं. आपण काय केलं ते आपल्या तोंडाने सांगायचं आणि विचारायचं, "राखता का?" घराने म्हणायचं, "राखली." प्रत्येक घर राखली म्हणालं तर बंदी पुन्हा बांधली गेली. एक घर जरी नाही म्हणालं, तर उतार मोकळा.

गर्दी पांगल्यावर संपत माझ्या कानाशी आला. "साहेब, गाडी जुपतो. सोनाळ्याले निंगू. आपल्याले कोन धरते?"

खरंच, कोणी धरणार नव्हतं. पण मी त्या उताराकडे पाहिलं. वकील जिथे चरला तिथे खाटेएवढा खळगा दिसत होता. जमीन जपायची कशी हे शिकायला निघालेला माणूस पहिल्याच गावात एक जपलेली जमीन मोडून पळतो, ही गोष्ट मला पुढे जन्मभर कोणाला गमतीने सांगता आली नसती.

"थांबायचं," मी म्हणालो.

"मंग मीबी थांबतो. वकील आरोपी हाय, त्याले सोडून कसा जाऊ?"

सकाळी पहिलं दार पाटलांचंच. मी रात्री भाषण तयार केलं होतं: "आपल्या सामूहिक कुरणाच्या संदर्भात माझ्याकडून अनवधानाने जो प्रमाद घडला..." पाटलांच्या पत्नी यमुनाबाई भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला.

"हा कोनाच्या बारशाची पत्रिका वाचून राह्यला?"

"बोल ना सरळ," पाटील म्हणाले.

"मी तुमच्या गवतात बैल सोडले. चूक झाली. राखता का?"

"आता कसं!" यमुनाबाई म्हणाल्या. "पन पुन्याचा मानूस हाय, राखनं म्हंजे काय त्याले समजते का?"

"समजून घेईन."

"पयले बस. भाकर खा. मंग राखली."

गावाला सगळी हकीकत आदल्या दिवशीच ठाऊक होती. तरी प्रत्येक घराला ती माझ्या तोंडून हवी होती. म्हाताऱ्यांनी खाटा ओढल्या, बायका दाराआड उभ्या राहिल्या. तिसऱ्या घरापासून मी मोटारीच्या तोंडाचीही गोष्ट आधी जोडली. पाचव्यापासून विहिरीचं पाणी आलं. पुढच्या घरांतले लोक मागच्या घरातूनच माझ्याबरोबर चालत यायला लागले आणि मी काही गाळलं की आठवण करून द्यायचे, "साहेब, थो चमचा वाकल्याचं राह्यलं!" ते गुपित कोणी फोडलं होतं हे सांगायला नको, संपत मागे उभा राहून आकाश बघत होता. स्वतःच्या फजितीच्या गोष्टी सांगायची माझी खोड तिथे लागली. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी "राखली" पडायचं, आणि प्रत्येक "राखली"सोबत चहा नाहीतर भाकर. दुपारपर्यंत पोट इतकं तट्ट झालं की उंबरे ओलांडणं मुश्कील.

सगळीच घरं हसली असं नाही. महादू नावाच्या तरण्या शेतकऱ्याने हात बांधून ऐकून घेतलं. "हा उतार फोडला त ज्वारी पिकन. कायचं गवत राखता? आमी लहान जमीनवाले. आमाले वावर पायजे." बाजूला त्याचा बाप बसला होता. त्याने नुसतं खाकरून घसा साफ केला. महादूने जमिनीकडे पाहत म्हटलं, "राखली. यंदा. पुढचं पुढं पाहू." मी वहीत ते तसंच लिहून घेतलं. आतापर्यंत मला गाव म्हणजे एक तोंड वाटत होतं.

दिवस कलायला लागला तेव्हा एकच दार उरलं. नथ्थूभाऊंचं. गावाच्या टोकाला गोठा, गोठ्यात म्हशी. दूध आटवून खवा करायचा आणि सोनाळ्याच्या बाजारात न्यायचा, हा त्यांचा धंदा. माणूस रुंद, बसका, डोळे थकलेले. मी सगळी गोष्ट सांगितली. मागचे लोक हसले. नथ्थूभाऊ हसले नाहीत.

"राखता का?"

"नायी."

मागचे लोक दाराशी सरकले.

"या इकडं," म्हणून त्यांनी मला गोठ्यामागे नेलं. तिथे कुटाराची गंजी होती (जनावरांसाठी रचलेला भुशाचा ढीग). त्यांनी हात घालून मूठभर काढून दाखवलं. काळं, चिकट, वास मारणारं. पाऊस परतताना गंजीत पाणी शिरलं होतं.

"हे खाऊ घालू म्हशीले? पुनव याले अजून लय दिवस हाय. घरचे सगये वेचनीले जाते. ज्वारी निंघाली नायी, कडबा नायी. तुमी बंदी तोडली ना, लय चांगलं केलं साहेब. उद्या मी पयला घुसतो."

"नथ्थू," पाटील हळू आवाजात म्हणाले, "बी पडलं नायी अजून."

"माह्या म्हशीच्या पोटात बी पडलं नायी, थे पाह्य पाटील!"

नथ्थूभाऊंची बाजू खोटी नव्हती, हीच अडचण होती. सूर्य टेकाडाला लागला होता. मी खाली पाहिलं, कारण वर पाहायची हिंमत नव्हती. आणि खाली मला तेच दिसलं जे सकाळपासून दारोदार फिरताना दिसत होतं: नथ्थूभाऊंच्या कुंपणापासून पुढच्या वावरापर्यंत गेलेला धुरा (शेताचा बांध), आणि धुऱ्यावर गुडघ्याएवढं गवत. गावात असे कितीतरी धुरे होते. त्यांना बंदी नव्हती. ते उभं होतं याचं कारण एवढंच की वेचणीच्या दिवसांत विळा धरायला कोणाचा हात मोकळा नव्हता. एकट्या माझा सोडून.

"धुऱ्यावरचं गवत मी कापून आणतो," मी म्हणालो. "रोज. पुनवेपर्यंत."

संपतने डोळे मिटले.

"तुमी?" नथ्थूभाऊ पहिल्यांदा हसले, पण ते हसू काही बरं नव्हतं. "विळा धरता येते?"

"शिकेन."

"तुमच्या शिकन्यावर माह्या म्हशी जगतीन?"

"जगतील. नाही जगल्या तर तुमचा शब्द परत घ्या."

पाटलांनी जमलेल्यांना विचारलं, "धुरे देता का ह्याले कापाले?" लोक हो म्हणाले. महादूने मात्र बजावलं, "पन ज्वारीले हात लागला त पाहजा!" नथ्थूभाऊ बराच वेळ म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"राखली," ते म्हणाले. "पन ज्या दिवशी चारा कमी पडला, त्या दिवशी नायी राखली. ध्यानात ठेवजा."

तेव्हापासून भूगोलाचा संशोधक ही माझी ओळख गावाने रद्द केली आणि मी 'म्हशीवाला साहेब' झालो. पहिल्या दिवशी आंगठा कापला. दुसऱ्या दिवशी भारा बांधला, डोक्यावर घेतला, आणि गोठ्याशी पोचेपर्यंत माझ्या हातात दोरी तेवढी शिल्लक होती; भारा वाटभर सांडला होता. मागून वकील तो खात येत होता. मोजणीच्या मेजावर कोपर टेकून मी दम खाल्ला, तर मेजाचा एक पाय मोडला. मोडक्या पायाच्या जागी संपतने पळसाची काठी बांधून दिली. ते मेज पुढे कायम लंगडं उभं राहिलं, पण रेघ सरळ मारायचं.

कारण मोजणी मी सोडली नव्हती. धुरा कापत जायचं, आणि कापलेला धुरा कागदावर काढत जायचं. कुठे बोर, कुठे पळस, कुठे निव्वळ गवत, कुठे धुराच नांगरून अर्धा केलेला आणि त्यावरून दोन भावांचं वैर. मी पुण्याहून निघताना ज्या रेघांना दोन शेतांच्या मधली नुसती हद्द समजत होतो, त्या रेघांवर एक आख्खं चिंचोळं रान जगत होतं. एकेक धुरा ओणवं होऊन, विळ्याने आणि रक्ताने तपासणारा संशोधक माझ्या माहितीत दुसरा नाही. हुशारीचं श्रेय मला नाही. म्हशींना भूक होती.

पुनव जवळ आली आणि मला ताप भरला. हात सुजला होता, आंगठ्याची जखम चिघळली होती. यमुनाबाईंनी हळद बांधली आणि झोपून राहायला सांगितलं. मी न ऐकता निघालो. संपतही जोडीला होता, पण त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून निम्माच भारा केला. उन्हं उतरली तरी दुसरा भारा होईना. मी महादूच्या धुऱ्यावर बसलो. विळा उचलायला बोटं मिटेनात. एवढे दिवस राखलेलं गवत आज माझ्या पायी जाणार, हे एकच डोक्यात.

ज्वारीतून सळसळ ऐकू आली. नथ्थूभाऊ होते. हातात त्यांचा विळा.

"आज कमी आहे," मी म्हणालो.

"दिसून राह्यलं." ते खाली बसले आणि कापायला लागले. एकेका हिसक्यात माझी चार मुठींची मेहनत.

"तुमचा शब्द..." मी सुरुवात केली.

"शब्द माहा हाय का तुमचा?"

"तुमचा."

"मंग चूप बसा. अन् भारा असा बांधतेत का बे? थो वकील हसते तुमाले."

त्या दिवसापासून साहेबाचा मी 'बे' झालो. एवढा मान मला पुढे कुठल्या विद्यापीठाने दिला नाही.

पुनव झाली. त्यानंतरच्या एका सकाळी दव वाळल्यावर सगळं गाव उताराच्या कडेला ओळीने उभं राहिलं. बायका, माणसं, सगळ्यांच्या हातात विळे. पाटलांनी वाकून एक कुसळ मुठीत चोळलं, तळवा उघडून फुंकर मारली. बी उडालं नाही. ते आधीच खाली गेलं होतं. पाटलांनी हात वर केला आणि ओळ आत शिरली. पाहता पाहता माणसं कमरेपर्यंत गवतात बुडाली. कोणीतरी गाणं धरलं, ते उतारभर पसरलं. महादू सगळ्यांत पुढे होता आणि सगळ्यांत भराभर कापत होता. त्याच्या मनात ज्वारी होती की नाही, ते त्याच्या विळ्यावरून तरी कळत नव्हतं.

ज्याने यंदा बंदी मोडली त्याने शेवटचा माणूस आत जाईपर्यंत बाहेर उभं राहायचं, असा नेम होता. मी उभा राहिलो. मला त्याचं वाईट वाटलं नाही. बाहेरून सगळा उतार दिसत होता, आणि वकिलाने चरलेला खळगा शोधूनही मला सापडला नाही.

"या ना आता!" नथ्थूभाऊ आतून ओरडले. "का म्हशीले घरी बसून जेवू घालाची सवय लागली?"

मी आत गेलो. संध्याकाळी माझ्या धोतराला इतकी कुसळं चिकटली होती की ते धोतर उभं राहिलं असतं.

दोन दिवसांनी संपतने गाडी जुंपली. यमुनाबाईंनी कळण्याच्या भाकरी (ज्वारी-उडदाच्या) फडक्यात बांधून दिल्या. नथ्थूभाऊंनी खवा दिला. सोनाळा, जळगाव जामोद, पूर्णा. परतीच्या वाटेवर मी त्या विहिरीकडे पाहिलंही नाही. नांदुऱ्याला गाडीत बसलो तेव्हा सातपुडा पुन्हा निळी रेघ झाला होता, आणि आता तो मला ढग वाटणं शक्य नव्हतं.

गाडीत मी एकच विचार करत होतो. माणूस जमिनीवर जे करतो ते दिसतं: नांगरट दिसते, पीक दिसतं, तोड दिसते. तो जे करायचं टाळतो ते दिसत नाही. भरलेला उतार समोर असताना, घरी म्हशी उपाशी असताना, सगळं गाव विळा खाली ठेवून बसतं, ही काय साधी मशागत आहे? आणि ती मशागत दरवर्षी नव्याने करावी लागते, महादूला मनवून, नथ्थूभाऊंची अडचण निवारून. आमच्या नकाशात तिला नाव होतं पडीक.

पुण्यात सरांनी धुऱ्यांचे कागद एकेक करून पाहिले. बराच वेळ. मग उताराच्या जागी बोट ठेवलं. मी त्यांना सगळं सांगितलं, बैलांसकट. सर शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"आपण जमिनीवर लोक काय करतात त्याचे नकाशे काढतो," ते म्हणाले. "हे लोक काहीच करत नाहीत. न केलेल्या गोष्टीचा नकाशा तू काढणार कसा?"

"दारोदार जाऊन, सर."

"एका गावासाठी?"

"नाही. अशी गावं आणखी असतील. ती शोधायची. हाच माझा विषय."

सरांनी चष्मा काढून पुसला. त्यांना पटलं होतं असं मी म्हणणार नाही. पण मी हटणार नाही, एवढं त्यांना दिसलं असावं.

"मग इथे काय बसलास?" ते म्हणाले. "दारं पुष्कळ आहेत."